तिमाजी कुणी काढला

गावाला माणसं ओळखायला फार शब्द लागत नाहीत. झोपाळू असला की कुंभकर्ण, भांडणं लावणारा असला की नारद, आणि ऊठसूट शाप देणारा असला की दुर्वास. हे सगळे पुराणातून आयते आलेले. ते कोणी काढले, याची चौकशी कोणी करत नाही, आणि करणाऱ्याला गावात कोणी चहाही पाजणार नाही. पण पुराणात नसलेला, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, कोरेगाव तालुक्यातल्या ओढेगावात जन्मलेला असा एक शब्द आहे. त्याच्या बापाचं नाव नाथाजी पिसाळ, हुद्दा मराठी शाळेचे मास्तर, आणि ही हकिकत त्या बापाचे काय हाल झाले त्याची आहे.

सुरुवात पत्र्यांपासून झाली. ओढेगावच्या शाळेचं छप्पर गळत होतं. गळत होतं म्हणजे पावसाळ्यात मुलं शाळेत बसण्यापेक्षा चिंचेखाली बसली तर कमी भिजत. त्या दिवसांत सगळा पत्रा लढाईवर गेलेला. परवान्याशिवाय घमेलंसुद्धा मिळेना. नाथाजी मास्तरांनी अर्ज केले, अर्जांच्या आठवणी केल्या, आठवणींचे स्मरण केले. साताऱ्याला हेलपाटे घालून वहाणा झिजवल्या. कचेरीच्या बाकावर बसून त्यांनी घरून नेलेली भाकरी खाल्ली आणि शिपायालाही दिली. अखेर पत्रे मंजूर झाले. रहिमतपूर स्टेशनातून ते स्वतः गाडीवानाशेजारी बसून घेऊन आले.

गाडी शाळेपुढे उभी राहिली, आणि भाऊसो आले.

भाऊसो वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वाईट माणसाशी वैर धरणं सोपं असतं. घरचा ऊस, दोन भाऊ पलटणीत, दारात येईल त्याला गूळ-पाणी. खोड एकच होती. काम होत आलं की ते नेमके उगवायचे आणि त्यावर हात ठेवायचे. दुसऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं की ओंजळभर काढून म्हणायचे, "म्या म्हनलं नव्हतं?" तसे ते आले, शेवटच्या पत्र्यावर हात ठेवला आणि गाडीवानाला म्हणाले, "हळू, हळू उतरवा रं." एवढंच त्यांचं योगदान. पण ते मोठ्या आवाजात होतं.

छप्पर झालं आणि दारावर दगड बसवायचं ठरलं. दगडावर मजकूर होता, 'श्री. भाऊसो यांच्या अविश्रांत परिश्रमाने'. पाथरवटाला लिहिता-वाचता येत नव्हतं. कोणीतरी खडूने अक्षरं काढून दिली की तो त्यावरून टाकी चालवायचा. गावात अक्षर चांगलं एकाचंच. तेव्हा 'अविश्रांत'मधला अनुस्वार कुठे द्यायचा हे नाथाजी मास्तरांनीच, गुडघे टेकून, त्या दगडावर काढून दिलं. अपमान करून घ्यावा तर असा शुद्धलेखनासह करून घ्यावा.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. बनुबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कारण विचारलं आणि ऐकून घेतलं.

"आता वरनं गळतंय का?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग नाव कुनाचं का असंना. पोरं कोरडी हायत न्हवं?"

हे इतकं शहाणपणाचं होतं की मास्तरांचा संताप दुप्पट झाला. त्यांना पैसा नको होता, हार नको होता. गावातल्या एका तरी माणसाने एकदा म्हणावं की हे नाथाजीने केलं, एवढीच त्यांची भूक होती. ती भूक किती महाग पडते हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी ठरवलं की चैत्रातल्या भैरोबाच्या जत्रेला एक नाटक लिहायचं. लहानसंच. अडीच तासांचं.

नाटकाचं नाव 'केले कोणी?' आणि नायकाचं नाव तिमाजीपंत. या तिमाजीपंतांचा धंदा म्हणजे जगात जे झालं ते आपण केलं असं सांगणं. पाऊस पडला तर ते म्हणत, कालच मी वर बघून खाकरलो होतो. शेजाऱ्याला मुलगा झाला तर पेढा खात म्हणत, सगळं आपल्याच मार्गदर्शनाखाली. लिहिताना मास्तरांना इतकं सुख झालं की त्यांचा जुना दमा त्या महिन्यात कुठे गेला ते कळलं नाही. प्रत्येक वाक्यात त्यांनी भाऊसोंना बसवलं, त्यांची चाल, त्यांचं खाकरणं, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर हात ठेवताना बोटं पसरायची ती पद्धत.

वाचन जोतीराम शिंप्याच्या दुकानात झालं. सगळे पोट धरून हसले आणि हसताना प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. पाटलाला वाटलं हा कुलकर्णी, कुलकर्ण्याला वाटलं हा पाटील. सगळ्यांत मोठ्याने हसले भाऊसो. डोळे पुसत म्हणाले, असली माणसं असतात, मास्तर. आमचा थोरला चुलता निव्वळ असाच होता. मग त्यांनी तिमाजीने आणखी काय करावं याच्या दोन-तीन सूचना केल्या. त्या चांगल्या होत्या. मास्तरांना त्या घ्याव्या लागल्या.

सल्ला देणाऱ्यांची मग रीघ लागली. नाटकात लढाई पाहिजे, लढाई नसेल तर निदान एक सती जाणारी बाई पाहिजे. पाटलाचं म्हणणं, मधे एक लावणी घाला म्हणजे लोक उठून जाणार नाहीत. भैरोबाच्या पुजाऱ्याचं म्हणणं, शेवटी देव प्रकट करा, खर्च काही नाही, मी स्वतःच प्रकट होईन. मास्तर सगळ्यांना हो म्हणाले आणि काहीच केलं नाही. एवढं राजकारण त्यांना येत होतं.

अडचण आली ती पात्रांची. ओढेगावात एक रीत आहे. जत्रेच्या नाटकात जो जे सोंग घेईल त्याचं नाव त्याला जन्मभर चिकटतं, आणि गाव ते सोडवू देत नाही. जोतीराम शिंप्याने मिसरूड फुटायच्या आधी एका नाटकात राणीचं काम केलं होतं. आता त्याला नातवंडं होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि सारं गाव त्याला राणीसाहेब म्हणत होतं. "राणीसाहेब, लेंगा कवा मिळंल?" असं लोक भर रस्त्यात विचारत. एका बागायतदाराने हौसेने भिकारी केला होता. त्याच्या आठ बिघे उसाला अजून भिकाऱ्याचा मळा म्हणतात. त्यामुळे ओढेगावात राजे, सेनापती आणि साधू यांची कधी टंचाई पडत नाही. खलनायक मात्र बाहेरगावाहून आणावा लागतो.

तेव्हा तिमाजीचं काम करायला कोणी तयार होईना. जो तो म्हणे, काम झकास आहे, पण दुसऱ्याला द्या.

इथे नाथाजी मास्तरांच्या डोक्यात ती कल्पना आली. काम भाऊसोंनाच द्यायचं. दगडावर नाव भाऊसोंचं राहू दे. पण गावाच्या तोंडी ते मरेपर्यंत तिमाजी राहतील. दगड झिजतो, तोंडं झिजत नाहीत. मास्तर भाऊसोंकडे गेले आणि म्हणाले, नाटकाचा नायक आहे, सबंध वेळ रंगमंचावर आहे, तुमच्याशिवाय कोणाला पेलणार नाही. यातलं शेवटचं वाक्य तर अगदी खरं होतं. भाऊसोंनी मिशीवरून हात फिरवला आणि मान डोलावली. त्या दिवशी मास्तर घरी पोटभर जेवले. बनुबाईंना काही विचारायचा धीर झाला नाही.

आता उरला परवाना. जिल्ह्यात तेव्हा भूमिगत मंडळींचा अंमल गावोगाव चालला होता आणि चार माणसं एकत्र बसलेली दिसली की फौजदार त्यांना उठवून लावायचा. तिथे मास्तर चारशे माणसं बसवायला निघाले होते. फौजदार मानसिंगराव हे गृहस्थ सावकाश वाचणारे होते. त्यांनी नाटकाची वही आठवडाभर ठेवून घेतली आणि मग मास्तरांना बोलावून विचारलं की दुसऱ्याने केलेलं आपल्या नावावर घेणारा हा तिमाजी म्हणजे नक्की कोण, कारण त्यांना स्वतःला तर तो सरकारच वाटला. मास्तरांनी भैरोबाची शपथ घेतली. मग मानसिंगरावांनी अटी घातल्या. तिमाजीने पांढरी टोपी घालायची नाही, ते एका बाजूला जातं. साहेबी टोपी घालायची नाही, ते दुसऱ्या बाजूला जातं. रात्रीची गर्दी बंद, म्हणून खेळ सूर्यास्ताच्या आत संपला पाहिजे. आणि शेवटची अट लेखकाची.

"हितं लेखक म्हनून तुमचं नाव हाय," मानसिंगराव म्हणाले. "तुमी शाळा बोर्डाचं नोकर. नोकरानं लेखन, भाषण आन सभा करायची न्हाई. हुकूमच हाय तसा. बोर्डाची परवानगी आना."

बोर्डाची परवानगी म्हणजे काय हे पत्रे आणणाऱ्या माणसाला सांगायला नको. ती पुढच्या जत्रेला आली असती, तीही बहुधा नकाराची. मानसिंगराव वाईट नव्हते. त्यांनीच सुचवलं की लेखक म्हणून कोणातरी भल्या माणसाचं नाव घाला आणि मोकळे व्हा. पाठीमागे भाऊसो उभे होतेच. ते म्हणाले, माझी काही हरकत नाही, मास्तरांसाठी एवढं तरी करायला नको का?

मास्तर त्या रात्री अंथरुणावर हिशेब मांडत पडले. नाटक आपलं, नाव त्यांचं. बदल्यात तिमाजी हे बिरुद जन्मभर त्यांचं. सौदा कडू होता, पण सौदा होता. सकाळी उठून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'लेखक : श्री. भाऊसो'. आपल्या कामावर भाऊसोंचं नाव लिहिण्याची त्यांची ही दुसरी वेळ. हात आता सरावला होता.

जत्रेच्या दिवशी दुपारी खेळ लागला. चैत्राचं ऊन, वर गोणपाटाचं छत, पुढे खुर्चीत मानसिंगराव, एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा सूर्यावर. बायका एका अंगाला, लेकरं त्यांच्या मांडीवर, आणि पुरुष जिथे सावली असेल तिथे. आणि पडद्यामागे भाऊसो गळ्याला उपरणं गुंडाळून बसलेले, शेजारी त्यांच्या पत्नी अंबूबाई.

अंबूबाईंनी नाटक ऐकलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला घरात तालीम करताना पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि घरातल्या एका माणसाला जे कळायला हवं होतं ते त्यांना कळलं.

"घसा बसलाय ह्यांचा," त्या म्हणाल्या.

"बसलाय," भाऊसो म्हणाले. आवाज खणखणीत होता. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खोकले.

मास्तरांनी हात जोडले. लवंग, ज्येष्ठमध, काढा, सगळं सांगून झालं. अंबूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि हळू सांगितलं, "मास्तर, माजी पोरगी लग्नाची हाय. तिला काय तिमाजीची पोर म्हनून द्यायची? तुमास्नी कळत न्हाई व्हय?" मास्तरांना कळत होतं. त्यांनी लिहिलंच होतं ते कळून.

बाहेर लोक टाळ्या पिटायला लागले, मग शिट्ट्या, मग एक नारळाची करवंटी पडद्यावर आली. काम कोणाला पाठ आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सगळ्यांनी फक्त मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी शेवटचा आधार धरला. पडद्यातून डोकं बाहेर काढून फौजदारांना म्हणाले, मी बोर्डाचा नोकर, मला कसं चालेल? मानसिंगरावांनी हुकूम मनातल्या मनात वाचला आणि निवाडा दिला की लेखन, भाषण आणि सभा बंद आहे, सोंग बंद नाही. रंग लावल्यावर मास्तर कोण आणि आणखी कोण, सरकारला काय दिसतंय? एवढं न्याय्य बोलणारा अधिकारी मास्तरांना आयुष्यात एकदाच भेटला, तो नेमका त्या दिवशी.

राणीसाहेबांनी, म्हणजे जोतीरामने, त्यांच्या तोंडाला रंग फासला.  फासताना त्याने एकदा मास्तरांच्या गालावर हलकेच थोपटलं.

आणि सांगायला वाईट वाटतं, पण काम फारच छान झालं. जे माणूस वर्षभर दुसऱ्याचा राग राग करत त्याला न्याहाळत बसतं त्याला तो मुखोद्गत होतो. मास्तर बोटं पसरून दुसऱ्याच्या कणगीवर हात ठेवत आणि चारशे माणसं लोळत. घामाने रंग ओघळून पांढऱ्या सदऱ्यावर उतरला, एक भुवई हनुवटीशी आली, लोकांना वाटलं तेही नाटकातच आहे. सूर्य टेकला तेव्हा पडदा पडला आणि मानसिंगरावांनी स्वतः टाळी वाजवली.

मग लेखकाला हार घालायचा होता. भाऊसो रंगमंचावर आले. घसा आता उघडला होता. त्यांनी मोजकं, भारदस्त भाषण केलं. म्हणाले, ही कल्पना माझ्या मनात बरेच दिवस घोळत होती. आमच्या चुलत्यावरून सुचली. मग मास्तरांच्या ओल्या खांद्यावर, बोटं पसरून, हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तरांनी बी लय हातभार लावला."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर पोरं कुजबुजली. तिसऱ्या दिवशी मोठी माणसं मोठ्याने बोलली. रीतच होती, तिमाजीचं सोंग ज्याने घेतलं तो तिमाजी. तरी एवढ्यावर निभावलं असतं. राणीसाहेब निभावत होतेच की. तिमाजी म्हटल्यावर मास्तरांनी नुसतं हसून 'ओ' दिली असती तर गावाला चार महिन्यांत कंटाळा आला असता.

पण मास्तरांना गप्प बसवेना. ते दुकानात जाऊन सांगू लागले की नाटक भाऊसोंनी लिहिलेलं नाही, मी लिहिलंय. चावडीत सांगितलं. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांना सांगितलं. रहिमतपूरच्या बाजारात ओळख ना देख अशा वांगी विकणाऱ्याला सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर पत्रेही बाहेर पडले; ते पण मीच आणले, दगडावरचं खोटं आहे. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि ते गेल्यावर एकमेकांकडे बघत. दुसऱ्याचं पुस्तक आपलं म्हणणारा, दुसऱ्याचं छप्पर आपलं म्हणणारा माणूस त्यांनी नुकताच, चैत्रात, उन्हात बसून पाहिला होता. तो याच माणसाच्या तोंडाने बोलत होता.

जोतीरामने त्यांना मायेने समजावून पाहिलं. "मास्तर, काम तुमी झ्याक केलंसा. पर सोंग उतरवा आता. भाऊसोंनी लिवल्यालं आपलं म्हनू नगा, लोक हासत्यात."

मास्तर तडक फौजदारांकडे गेले. परवान्यासाठी परत जमा केलेली वही अजून त्यांच्याकडेच होती. म्हणाले, उघडा, अक्षर कोणाचं आहे ते बघा. मानसिंगरावांनी वही उघडून शांतपणे पाहिलं.

"अक्षर तुमचंच," ते म्हणाले. "शाळंच्या दगडावरबी तुमचंच अक्षर हाय. मग पत्रं काय तुमी आनलं?"

आणलेच होते की. पण ते आता कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यानंतर मास्तर सुटले आणि शब्द सुटला. ओढेगावात तिमाजी हा मास्तर राहिला नाही, तो एक प्रकार झाला. पोरं खेळताना म्हणत, तिमाजी करू नगंस, गडी मी बाद केलाय. बायका म्हणत, माझी सासू निव्वळ तिमाजी, पुरण मी वाटलं आणि पोळ्या हिच्या. शब्द रहिमतपूरच्या बाजाराला गेला, तिथून उसाच्या गाड्यांबरोबर कराडला. एका मुलाने निबंधात 'माझे काका तिमाजी आहेत' असं लिहिलं. मास्तर तांबडी शाई घेऊन त्या वाक्यापाशी बराच वेळ बसले. शब्द कोशात नव्हता, खोडायला हवा होता. पण वाक्यात इतका अचूक बसला होता की त्यांच्याच्याने खोडवेना. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि मग स्वतःचीच लाज वाटून वही मिटली.

एके दिवशी बनुबाई गवळणीवर चिडल्या. म्हशीला वैरण आपण घालतो आणि दूध वाढलं की ही म्हणते माझ्या हाताचा गुण. "लय तिमाजी हाय बया," त्या म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. मास्तर ओसरीवर बसले होते.  त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि मास्तरांनी ते मागितलं नाही.

लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा निघाला. तिकडे पूर्वेला, दुष्काळी भागात, शाळांना मास्तर मिळेनात. नाथाजी मास्तरांनी आपण होऊन बदली मागितली. साहेबाला वाटलं माणूस त्यागी आहे. मास्तर निघाले तेव्हा भाऊसो स्टेशनापर्यंत पोहोचवायला आले, सामानावर हात ठेवला आणि गाडीतल्या लोकांना म्हणाले, मास्तरांची बदली मीच शब्द टाकून करवून आणली. गाडी हलली म्हणून बरं.

मिरजेला उतरून ते अरुंद रुळांच्या लहान गाडीत बसले. कवठे महांकाळच्या पलीकडे एका धनगरवाडीत त्यांची शाळा होती. ऊस नाही, पाटाचं पाणी नाही, नजर जाईल तिकडे माळ आणि मेंढरं. मास्तरांना ते उजाड रान फार आवडलं. इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने "राम राम मास्तर" म्हटलं, आणि नुसतं मास्तर म्हटलेलं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मनाशी शपथ घेतली की यापुढे काही केलं तरी ते आपण केलं असं कोणाला म्हणून सांगायचं नाही.

महिना झाला. वाडीतल्या लोकांनी ओढ्याला दगडांचा बांध घालायचा काढला. सकाळपासून सगळे राबत होते. मास्तरही, शपथ न मोडता, गुपचूप दगड उचलत होते. तिसऱ्या प्रहरी शेवटचा धोंडा बसला आणि लोक टेकले, हरणाबाई म्हणून एक म्हातारी होती तिने चहा आणला. तेवढ्यात आकाराम नावाचा गडी, जो दिवसभर कुठे दिसला नव्हता, काठी टेकत आला. त्याने बांधावर पाय दिला, दाबून पाहिला आणि म्हणाला, "आता कसं. म्या सांगितलं व्हतं तसा झाला बगा."

मेंढरांचा मोठा धनी धुळा चहा पीत होता. त्याने वर पाहिलंही नाही.

"आला तिमाजी," तो म्हणाला.

सगळे हसले. मास्तरांच्या हातातला चहा सांडला. आधी त्यांना वाटलं आपल्यालाच म्हटलं. मग कळलं की नाही. इथे, इतक्या लांब, मेंढरांच्या मुलखात, ओढेगावचं नाव न ऐकलेल्या माणसाच्या तोंडून त्यांचा शब्द आला होता. जिथे बसायला हवा तिथे बसला होता, एक अक्षर इकडचं तिकडे न होता.  त्यांना दुःख झालं की अभिमान वाटला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"धुळाबा," त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "हा शब्द तुमच्याकडे कुठून आला?"

"कुठला? तिमाजी व्हय?" धुळा म्हणाला. "त्यो काय कुठनं येतोय. लय जुना हाय. माजा आजा म्हनायचा. आमच्याच वाडीत तिमाजी म्हनून एक जन हुता, त्येच्यावरनं माज्या आज्यानंच काढला."

 मास्तरांनी बांधाकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं, शपथ आठवली, बनुबाई आठवल्या. जेवढं गप्प बसता येतं तेवढं बसले.

"नाही," ते म्हणाले. "तुमच्या आज्याने असं म्हटलेलं असणं शक्य नाही. तो शब्द पाच वर्षांपूर्वीचा आहे. ओढेगावच्या जत्रेत निघाला. मी नाटक लिहिलं होतं. तिमाजी मी काढला."

 हरणाबाईने किटली खाली ठेवली. धुळाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट, रागाने नव्हे, बाजारात जनावर बघतात तसं पाहिलं. मग तो आकारामकडे वळला.

"आकाराम, तू सर तिकडं, गड्या," तो म्हणाला. "तू नुसता बांध म्हनत हुतास. ह्येनी सबुदच केला म्हंत्यात."

सगळी वाडी हसली. आकाराम सगळ्यांत जास्त हसला आणि त्याने सरकून, मोठ्या आपुलकीने, मास्तरांना आपल्या शेजारी जागा करून दिली. मास्तर बसले. हरणाबाईने पुन्हा चहा ओतून दिला, तो त्यांनी प्याला.

दिवेलागणीला घरी परतले तेव्हा बनुबाई चुलीपुढे होत्या. नव्या गावात नवऱ्याचं कसं चाललंय याची त्यांना काळजी होती.

"वाडीत वळख झाली का न्हाई अजून?" त्यांनी विचारलं.

"झाली," मास्तर पाय धूत म्हणाले. "पूर्वीचीच."